सतरा नंबरची मादी

बायको गेल्यावर मी कामावर जाणं सोडलं. मी लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. लक्ष उडालं, एक चूक झाली, तर दुसऱ्याच्या जिवावर बेतायचं. मुलगी म्हणाली, "बाबा, भिंतीकडे बघत बसण्यापेक्षा माझी पाखरं बघ."

ती पक्ष्यांवर संशोधन करते. झाडांवर चाळीस लाकडी पेट्या, प्रत्येकीत घरटं आणि समोर कॅमेरा. नराच्या पायात निळं कडं, मादीच्या पायात पिवळं. पिल्लांना भरवायला कोण आलं, किती वाजता, हे व्हिडिओ बघून मी लिहायचं.

"यातून कळणार काय?"

"घरात कोण किती राबतं आणि का. अंडं घालायला मादीला फार ताकद लागते, नराचं त्यामानाने स्वस्तात भागतं. म्हणून नर उंडारणार आणि मादी घर बघणार, असं आधी म्हणायचे. पण काही जातींत नरच अंडी उबवतो आणि मादी दुसरा नर शोधते. त्यामुळे नुसतं म्हणून चालत नाही, मोजावं लागतं."

"तुझी आई नर्स, सतत पाळ्या. ती कामावर असली की तुला मी भरवायचो. मग मी कुठल्या जातीतला?"

"तुझी पेटी वेगळी टांगावी लागेल," ती म्हणाली. कितीतरी दिवसांनी आम्ही हसलो.

माझ्या ताईला मोजायची गरज वाटत नव्हती. तिने फोनवर सांगून टाकलं, "पुरुषाला एकटं राहणं जमत नाही. निसर्गच तसा आहे. माझ्या ओळखीत एक बाई आहे, बघतोस का?"

"ताई, निसर्गाने तुला वकीलपत्र कधी दिलं?" म्हणून मी फोन ठेवला.

सतरा नंबरच्या पेटीत पाच पिल्लं होती. पिल्लं अंड्यातून निघाल्याच्या आठव्या दिवशी सकाळी मादी अळी घेऊन आली, पिल्लाच्या चोचीत घालून उडाली, ती परत आलीच नाही. मी दुपारपर्यंतचा व्हिडिओ बघितला. नर येत होता, जात होता. एकदा त्याच्या पायाला चिखल लागला होता, कड्याचा रंग दिसेना. मी मादी लिहिलं. पुढच्या वेळी निळं कडं स्वच्छ दिसलं, तरी मी मादीच लिहिलं. मग एक खेप त्याची, एक तिची, असं सहा दिवस लिहीत गेलो.

पंधरवड्याने मुलगी संगणक घेऊन माझ्याजवळ बसली. "बाबा, सतरामध्ये आठव्या दिवसापासून दोघं अगदी एकाआड एक येतात. पाखरं अशी पाळी लावत नाहीत. म्हणून मी व्हिडिओ बघितला."

मी चष्मा काढून पुसायला घेतला.

"आपल्या घरात तुम्ही दोघं लावायचात," ती हळूच म्हणाली. मग म्हणाली, "हे पुढच्या आठवड्यात मी सगळ्यांसमोर मांडणार होते. मादी गेल्यावर नर काय करतो, हाच माझा प्रश्न आहे. अशा चारच पेट्या मला मिळाल्यात, आणि त्यातली एक तू मनानेच भरून टाकलीस."

"चुकलं माझं."

"चुकलं नाही. तुला माहीत होतं."

"हो."

तिने व्हिडिओ आठव्या दिवशी मादी उडून गेली तिथे नेऊन ठेवला. या वेळी आम्ही दोघांनी मिळून बघितलं. नर पेटीवर बसून गायचा. नवी मादी यावी म्हणून गातात, असं तिने सांगितलं. मला त्याचा राग आला. पण गाणं अर्धवट सोडून तो अळी आणायचा, पुन्हा गायचा, पुन्हा अळी. त्याच्या एकट्याच्या खेपा पाच पिल्लांना पुरत नव्हत्या. दहाव्या दिवशी चार उरली, बाराव्या दिवशी दोन.

"हा चांगला की वाईट?" मी विचारलं.

"तसा रकानाच नाही, बाबा."

मी नराच्या खेपा मोजून सांगायचो, ती लिहायची. दिवस संपला की विचारायची, "मादी?"

"शून्य."

नववा दिवस झाला. "मादी?"

"शून्य."

दहाव्या दिवसाचं शून्य लिहून तिने कीबोर्डवरून हात काढला. मी कीबोर्ड माझ्याकडे ओढला. उरलेल्या तीन दिवसांचे आकडे मीच भरले, दोन्ही रकान्यांतले.