वाऱ्याची बाजू

"हे कुणी ओतलं इथं?"

मार्लिसनं गाडीचं दारही लावलं नव्हतं. घराच्या पश्चिमेला, स्वयंपाकघराच्या खिडकीपासून जेमतेम बारा पावलांवर, ओल्या काँक्रीटचा चौकोन चकाकत होता. तिचा दीर आर्नी गुडघ्यांवर बसून थापीनं त्याच्या कडा सारख्या करत होता.

"आलीस? तुझं काम वाचवलं बघ," तो म्हणाला. "हे वाळलं की टाकी आणून ठेवायची नि जोडायची."

"बॉयलर पूर्वेला बसणार होता. बटाट्यांच्या पलीकडे. खुंट्या ठोकल्या होत्या मी."

"उपटल्या त्या. सत्तर पावलं चर कोण खणणार? तोही साडेपाच फूट खोल? इथं लाकडाची गाडी थेट येते. अगं, कागदावर रेघा मारायला बाईमाणसाचं काय जातं..."

मार्लिसनं त्याची पाण्याची बादली लाथाडली. बादली गडगडत कुंपणापर्यंत गेली.

मार्लिस कांगसनं सत्तावीस वर्षं गावच्या शाळेचा बॉयलर सांभाळला होता. सुपीरियर सरोवरावरून बोचरं वारं सुटलं तरी मुलं वर्गात स्वेटर काढून बसायची. तरीही दुरुस्तीला येणारा प्रत्येक जण तिच्याकडे बघून विचारायचा, "इथला माणूस कुठाय?" सत्तावीस वर्षं ती एकच उत्तर देत आली होती, "समोर उभा आहे."

तिच्या नवऱ्याची, रेइनोची, फुफ्फुसं लाकडाच्या गिरणीत गेली. आता नाकात नळी नि शेजारी घरघरणारं ऑक्सिजनचं यंत्र. फेब्रुवारीत डॉक्टरनं घरातली लाकडाची शेगडी बंद करायला लावली. उरलेला हिवाळा दोघांनी एका खोलीत, विजेच्या हीटरसमोर कानटोप्या घालून काढला. तेव्हाच मार्लिसनं मनाशी ठरवलं, आग बाहेर ठेवायची, घरात फक्त गरम पाणी आणायचं. टाकीत टाकी, आतलीत आग, मधे पाणी, गोठू नयेत म्हणून जमिनीत खोलवरून नळ, नि खोल्या तापवायला शाळेनं भंगारात काढलेले रेडिएटर. मार्चपासून रोज सकाळी अंगणातल्या काठीवरची चिंधी बघून वारा कुठून येतो ते ती कॅलेंडरवर लिहीत होती. सहा महिन्यांच्या चौकटींत बहुतेक एकच शब्द होता. पश्चिम.

"धूर कुठं जाणार, आर्नी?"

"चिमणी उंच लावू की."

"कडाक्याच्या थंडीत धूर वर जात नाही, खाली बसतो. तुझ्या भावाच्या छातीत बसतो!"

"माझ्यावर कशाला ओरडतेस? त्याला विचारूनच ओतलंय."

मार्लिस तशीच आत गेली. रेइनो खिडकीशी खुर्चीत बसला होता. त्यानं सगळं पाहिलं होतं.

"तू हो म्हणालास?"

"म्हणालो."

"कॅलेंडर दिसत नव्हतं तुला?"

"रोज बघत होतो." त्यानं दम घेतला. "जानेवारीत, कमरेएवढ्या बर्फातून, सत्तर पावलं. दिवसातून दोनदा. त्रेसष्ट वर्षांची आहेस तू."

"बरं मग?"

"मग... धुराचा त्रास एकाच माणसाला. तो अजून किती हिवाळे..."

तो थांबला. दम संपला की शब्द, हे तिला कळलं नाही. बाकीचं मात्र कळलं. दोघा भावांनी तिच्या स्वयंपाकघरात बसून, तिचीच कॉफी पीत, हा हिशेब केला होता. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण राग कमी झाला नाही.

"म्हणजे तू गेल्यावर माझी सोय व्हावी म्हणून? नि हे आर्नीशी ठरवलंस? मला न विचारता?"

"विचारलं असतं तर ऐकलं असतंस?"

"नाही!"

"मग बघ."

"काय बघ! जिवंत माणसासाठी बॉयलर बांधतेय मी, रेइनो. नि बर्फातून चालणार आहेत ते माझे पाय, तुझे नाहीत!"

हे फार लागेल असं होतं. तिनं ते मागे घेतलं नाही.

तिनं गॅरेजमधलं फावडं काढलं नि ओल्या काँक्रीटमध्ये खुपसलं.

"वेड लागलं का तुला? अख्खी सकाळ गेली माझी!" आर्नी ओरडला.

"घरी जा."

"मार्लिस..."

"घरी जा म्हणते ना!"

त्यानं थापी गाडीत फेकली नि निघून गेला. सूर्य टेकेपर्यंत ती ढकलगाडीनं काँक्रीट वाहत राहिली. दुसऱ्या दिवशी खुंट्या पुन्हा ठोकल्या, चर खणायला घेतला. आठ पावलं झाली नि हातांना फोड आले.

चौथ्या दिवशी आर्नी कुणाचं तरी खोदकामाचं यंत्र मागून घेऊन आला. माफी वगैरे त्याला जमणारी गोष्ट नव्हती.

"साडेपाच फूट ना?"

"साडेपाच. नि खुंट्यांना हात लावायचा नाही."

नोव्हेंबरात बॉयलर पेटला.

जानेवारीत एके दुपारी ऊन पडलं. रेइनो म्हणाला, "खिडकी उघड जरा."

मार्लिस नुकतीच ओंडके घालून आली होती. बुटांवरचा बर्फ अजून वितळला नव्हता. तिनं खिडकी वीतभर उघडली नि तपासणीला आल्यासारखी नाक बाहेर काढून उभी राहिली. बर्फाचा वास होता, देवदारांचा होता. धुराचा नव्हता.

रेइनोनं सावकाश श्वास आत घेतला. खोकला आला नाही. त्यानं आणखी एक घेतला.

"लाव आता," थोड्या वेळानं तो म्हणाला. "ऊब वाया जातेय."

"जाऊ दे," मार्लिस म्हणाली नि खिडकी धरून तशीच उभी राहिली.