२१४७ ला हो म्हणा

दर दुसऱ्या वर्षी, ऐन थंडीत, आमच्या राज्याचं विधानभवन ऐंशी दिवसांसाठी भरतं. एरवी मी बरी असते. बाग करते, वाचते, वेळेवर झोपते. त्या ऐंशी दिवसांत मात्र माझी टिटवी होते. कॉफीचं आधण ठेवायच्या आधी संगणक उघडायचा, विधेयकांची यादी काढायची, कालचं कुठलं आज कुठे पोचलं ते बघायचं. हे समितीत अडलं, ते समितीतून सुटलं. बाहेर वारा शेतातलं बर्फ उचलून रस्त्यावर टाकतो, रस्त्यावरचं उचलून पुन्हा शेतात टाकतो, आणि मी तेच पान पुन्हा पुन्हा उघडून बघते.

तीस वर्षं मी गावच्या वाचनालयात काम केलं. निवृत्त झाल्यावर हे लागलं मागे. विधेयकं वाचायची आणि लोकांना सांगायचं, आता आमदाराला फोन करा. त्यासाठी माझी एक साखळी आहे. मी सहा जणांना फोन करते, ते सहा जण आपापल्या सहा जणांना. तासाभरात बेचाळीस माणसं फोनला लागलेली असतात.

त्या वर्षी माझं सगळं लक्ष २१४७ वर होतं. आमच्याकडे मूल दत्तक गेलं की त्याचा जन्माचा नवा दाखला होतो, नव्या आईबापांच्या नावाचा. जुना, खऱ्या आईच्या नावाचा, मोहरबंद होऊन राजधानीत जातो. पुढे ते मूल म्हातारं झालं तरी त्याला तो बघता येत नाही. २१४७ म्हणत होतं, ज्याचा दाखला त्याला दाखवा. बस, एवढंच. दीड पान.

माझ्यापासून तिसऱ्या घरात इडेला ब्रेक्के राहते. शहात्तर वर्षांची. अर्ध्या गावाला तिने चौथीत शिकवलंय. ती दत्तक आलेली आहे हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं, तेही एका संध्याकाळी तिच्या तोंडून निसटलं म्हणून. ती जन्मली तेव्हा आई सतरा वर्षांची होती, इतकंच तिला कुणीतरी सांगितलेलं. "सतरा आणि शहात्तर," ती म्हणाली होती, "त्र्याण्णव. बायका जगतात गं त्र्याण्णव." त्यानंतर तिने तो विषय काढला नाही. ती बेरीज मात्र माझ्या डोक्यात घर करून बसली. पान उघडताना मी ते २१४७ साठी उघडत नव्हते, त्या त्र्याण्णवसाठी उघडत होते.

मंगळवारी मी साखळी हलवली. प्रत्येकाला एकच वाक्य दिलं. आकडा सांगा, हो म्हणा, फोन ठेवा. "२१४७ ला हो म्हणा." विधानभवनातल्या फोनवरच्या बायकांना वेळ नसतो, लांबण लावलं की चिठ्ठीवर भलतंच उतरतं. या वाक्याचा मला अभिमान होता. इडेलानेही तेच वाक्य म्हटलं, आणखी एक शब्द नाही.

गुरुवारी सकाळी पान उघडलं तर २१४७ च्या पुढे लिहिलेलं, दुरुस्तीसह संमत. दुपारी एकला सभागृहात मतदान.

दुरुस्ती वाचली. एकच ओळ नवी, अधोरेखित. दाखला मिळेल, पण १९६५ नंतर जन्मलेल्यांनाच. त्याआधीच्या आयांना गुप्ततेचा शब्द दिला होता, म्हणून त्याआधीचे दाखले कायमचे बंद.

इडेलाचा जन्म १९४९ चा.

मी बेवला फोन लावला. बेव विधानभवनात फोन घेते. आम्ही कधी भेटलो नाही, पण तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन कुठल्या तारखेला झालं ते मी सांगू शकते.

"बेव, माझ्या लोकांच्या चिठ्ठ्या गेल्या का आमदारांकडे?"

"गेल्या म्हणजे? गठ्ठा झाला. मार्लिस, तुझी माणसं म्हणजे चर्चमधली गायकमंडळी, सगळे एका सुरात."

"पण विधेयक बदललं ना. माझ्या लोकांनी आधीच्याला हो म्हटलंय."

"ते चिठ्ठीवर कुठे लिहिलंय? नाव, गाव, आकडा, आणि बाजूने की विरोधात. आकडा तोच आहे." मग ती जरा हळू बोलली. "तुला म्हणून सांगते. काल समितीत तो गठ्ठा दाखवला कुणीतरी. तर अध्यक्ष म्हणाले, एवढी माणसं नुसतं हो म्हणतायत, कशाला ते कुणीच सांगत नाहीये. मग दुरुस्तीसकट चालेल त्यांना."

माझ्या हातात कॉफी होती. ती मी टेबलावर ठेवायची तर सिंकमध्ये ओतून बसले.

नऊ वाजले होते. कोट अडकवला, डोक्याला फडकं बांधलं आणि इडेलाकडे निघाले. तिसरं घर, पण वारा तोंडावर होता, पन्नास पावलांना पाच मिनिटं लागली.

ती लेफ्सा करत होती, बटाट्याच्या पोळ्या. चर्चच्या विक्रीसाठी दरवर्षी दोनशे करते. लांब चपटी काठी पोळीखाली सरकवायची, उचलायची, गोल तव्यावर उलगडायची.

"तुझं तोंड बघून वाटतंय राज्यपाल गेले," ती म्हणाली.

मी उभ्या उभ्याच सांगितलं. दुरुस्ती, १९६५, चिठ्ठ्या, माझं वाक्य. तिने पोळी उलटली. दुसरी बाजू होऊ दिली. मग काढली, फडक्यात ठेवली, घडी घातली.

"म्हणजे मी स्वतःच फोन करून स्वतःला बाहेर ठेवलं."

"तू नाही, मी."

"बस आधी. उभी राहून तू सगळ्या घराला वारा घालतेस."

माझ्याने बसवलं नाही. म्हटलं, चार तास आहेत. साखळी उलटी फिरवते. लोकांना सांगते, फोन करा आणि म्हणा, दुरुस्ती काढा, विधेयक होतं तसं ठेवा. सभागृहात कुणी मागणी केली तर दुरुस्तीवर वेगळं मत घेता येतं.

"आणि दुरुस्ती काढल्यावर विधेयकच पडलं तर?"

"पडू शकतं. मग दोन वर्षं थांबायचं."

तिथूनच मी फोन सुरू केले. पहिले पाच जण कुरकुरले, पण कामाला लागले. सहावी कॅरा लिंडग्रेन. चव्वेचाळीस वर्षांची, दातांच्या दवाखान्यात कामाला. तीही दत्तक. डॉक्टरकडे गेली की फॉर्मवर आईकडच्या आजारांची जागा कोरी सोडते. तिच्याखालची सहा माणसं नदीपलीकडची, दुसऱ्या मतदारसंघातली.

तिलाही मी सगळं सांगितलं.

"करशील ना फोन, कॅरा?"

"मार्लिस, मी १९८१ ची आहे."

"माहीत आहे गं."

"आज दुपारी ते विधेयक पास होतंय. तुम्ही ते पाडायला सांगताय."

"पाडायला नाही. दुरुस्ती..."

"तुम्हीच शिकवलंत, फार गुंता केला की पडतं. बावीस वर्षं वाट बघतेय मी. थोडं मिळतंय ते घेऊ, राहिलेलं पुढच्या वेळी मागू."

"पुढच्या वेळी काहीजणी नसतील."

"कोण? एक नाव सांगा मला. तुमच्या साखळीत ६५ च्या आधीचं कोण आहे?"

फोनचा आवाज मोठा होता. इडेला ऐकत होती. मी तिच्याकडे बघितलं. तिने मान हलवली. नाही. तिचं गुपित होतं, मी कसं देणार.

"बघते मी," कॅरा म्हणाली आणि फोन ठेवला. बघते म्हणजे काय, ते मला कळलं होतं. विचारलं नाही.

इडेला हात पुसत खिडकीशी उभी राहिली. बाहेर काही नव्हतं, नुसतं पांढरं इकडून तिकडे जात होतं.

"मी तिला का नाही सांगितलं?" ती म्हणाली. "शहात्तर वर्षांची घोडी झाले. कुणाची लाज वाटते मला अजून?" मग वळली. "रॉल्फचा नंबर दे."

रॉल्फ हॉगन आमचा आमदार. त्याचा नंबर साप्ताहिकात छापलेला असतो, सगळ्यांच्याच फ्रिजवर असतो. तिने स्वतः फिरवला.

"रॉल्फ, मी ब्रेक्केबाई."

"बोला बाई." एवढा साठीचा माणूस, आवाजावरून ताठ झालेला कळला.

"तू उभा आहेस की बसलायस?"

"उभा आहे. सभागृहात चाललोय."

"मग बस. चौथीत तुला मी वंशवृक्ष काढायला लावला होता, आठवतं?"

"आठवतं. मी आजोबा दोनदा लिहिले होते. तुम्ही लाल शाई लावलीत."

"छत्तीस वर्षं मी दर मुलाचा वंशवृक्ष तपासला, रॉल्फ. मूळ कुठलं, फांदी कुठली. स्वतःचा एकदाही काढला नाही. कारण मला माझी आई माहीत नाही. ती कदाचित त्र्याण्णव वर्षांची आहे, आणि तिचं नाव तुमच्याकडे एका कपाटात आहे. तुझ्या त्या १९६५ ने मी बाहेर राहते."

पलीकडे कुणीतरी घंटी वाजवली.

"बाई, हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत? तुमच्या नावाची चिठ्ठी आहे माझ्याकडे. नुसतं हो लिहिलंय."

"हो. नुसतं हो लिहिलंय," इडेला म्हणाली आणि माझ्याकडे बघितलं नाही. तिचं ते न बघणं मला आजही आठवतं.

एक वाजता आम्ही दोघी तिच्या स्वयंपाकघरात, संगणकावर सभागृहाचं थेट प्रक्षेपण लावून बसलो. मी बसले, उठले, परत बसले. रॉल्फ उभा राहिला आणि त्याने दुरुस्तीवर वेगळं मत मागितलं. इडेलाचं नाव घेतलं नाही. म्हणाला, "मला ज्यांनी वाचायला शिकवलं त्यांना स्वतःचा दाखला वाचता येत नाही." मला वाटलं, झालं, जमलं. मग सभागृहातल्या मतांच्या फळ्यावर हिरवे लाल दिवे लागले.

दुरुस्ती काढावी, बावीस. राहू द्यावी, चोवीस. एक गैरहजर.

नदीपलीकडचा आमदार चोवीसात होता. कॅराची सहा माणसं त्याचीच. त्या सहा फोनांनी तो हलला असता की नाही, कोण सांगणार? आणि तो हलता तरी बरोबरीच झाली असती. मी हा हिशेब किती वेळा घातला ते विचारू नका.

त्यानंतर विधेयक, दुरुस्तीसकट, मोठ्या बहुमताने पास झालं. इडेलाने संगणक मिटला. तव्याखालची आच वाढवली. "अजून साठ राहिल्यात," म्हणाली.

एप्रिलमध्ये दुसऱ्या सभागृहाने ते मंजूर केलं. राज्यपालांची सही झाली. ऑगस्टच्या पहिल्या तारखेपासून कायदा लागू.

महिना संपत आला होता. गहू कापून झाला होता, हवेत भुसा उडत होता. मी इडेलाकडे घेवड्याच्या शेंगा मोडत बसले होते, तेव्हा कॅराची गाडी दारात थांबली. फेब्रुवारीनंतर ती आमच्याकडे फिरकली नव्हती. रॉल्फच्या त्या वाक्यावरून इडेलाबद्दल आता सगळ्या गावाला कळलं होतं, तिलाही. हातात राज्याच्या शिक्क्याचं पाकीट होतं. ती उंबऱ्यातच थांबली.

"चार दिवस झाले येऊन," ती म्हणाली. "उघडवत नाही. नवऱ्याला दिलं, तर म्हणाला, माझं काम नाही हे." मग इडेलाकडे बघून, "तुम्ही उघडाल?"

मला वाटलं, हे जरा जास्तच मागणं झालं. इडेलाने शेंगांचं ताट बाजूला सारलं, हात धुतले, चष्मा लावला. भाजीची सुरी पुसून पाकिटाच्या कडेने फिरवली. कागद उलगडला आणि वर्गात हजेरी घ्यावी तसं, स्पष्ट, सावकाश वाचलं.

"आईचं नाव, ज्यूडिथ ॲन केलर. वय एकोणीस. काम, टेलिफोन ऑपरेटर."

"परत वाचा."

तिने परत वाचलं. तिसऱ्यांदाही वाचलं. कॅरा खुर्चीत बसली, दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवून.

"त्या दिवशी मी माझ्या सहा जणांना फोन केला नाही," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"मार्लिसनी सांगितलं?"

"कुणी सांगायला कशाला हवं? गृहपाठ केला नाही की तोंडावर दिसतं." इडेलाने कागदाची घडी पहिल्यासारखी घातली, तिच्यापुढे ठेवली. "मी तुझ्या जागी असते तर मीही केला नसता. कदाचित. खा काहीतरी."

कॅराने काही खाल्लं नाही. कागद पाकिटात घातला. मग मला विचारलं, "पुढचं अधिवेशन कधी?"

"जानेवारीत. या नाही, पुढच्या. सतरा महिने."

सतरा महिने म्हटलं आणि माझ्या डोक्यात ती बेरीज पुन्हा चालू झाली. पंच्याण्णव. इडेलाच्याही झाली असणार, पुन्हा शेंगा मोडायला घेतलेली तिची बोटं थांबली.

कॅरा उठली. फ्रिजवरच्या साप्ताहिकाच्या कात्रणाकडे गेली, रॉल्फचा नंबर वाचला, स्वतःच्या फोनवर फिरवला. काय म्हणायचं ते सांगायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. सांगायला आकडाच नव्हता. विधेयक अजून कुणी लिहिलंच नव्हतं.

"आमदारसाहेब, मी कॅरा लिंडग्रेन, दवाखान्यातली," ती म्हणाली. "ब्रेक्केबाईंच्या आईबद्दल बोलायचंय. थोडं लांबेल. बसलायत ना?"