गुनवोरचं नितळ तळं

मी तेव्हा दरीतली बस चालवायचो. दर सोमवारी सकाळी फाट्यावर गुनवोर उभी असायची, हातात कापडात गुंडाळलेली पाण्याची बाटली. ती बसमध्ये चढत नसे. बाटली माझ्याकडे द्यायची, "सांभाळून ने, ओसमुंड," एवढं म्हणायची आणि परत टेकडी चढायला लागायची. शहरातल्या पाणी-तपासणीवाल्यांना तिच्या तळ्याचं पाणी हवं असे. भाऊ ओनुन गेल्यापासून त्या तळ्याकाठी ती एकटीच राहत होती. साठी उलटली होती.

त्या तळ्यात पूर्वी ट्राउट इतके असत, की भावंडं जाळं टाकून हिवाळ्याचे दोन पिंप मासे खारवत. मग मासे कमी होत गेले. गोगलगायी दिसेनाशा झाल्या, बेडकांची अंडी पांढरी पडून कुजायला लागली. तळाशी फक्त हिरवं शेवाळ पसरत गेलं. पाणी मात्र वर्षागणिक नितळ होत चाललं. उन्हाळ्यात शहरातली माणसं यायची आणि म्हणायची, "काय स्वच्छ ठेवलंय हो तुम्ही! तळ दिसतो!"

"गढूळ करायला कोणी उरलेलंच नाही," गुनवोर म्हणायची. ती माणसं हसायची. त्यांना वाटायचं, म्हातारी विनोद करतेय.

एका शरद ऋतूत तिच्या जाळ्यात चार किलोचा ट्राउट लागला. दरीभर बोलबाला झाला. सोमवारी मी बसच्या खिडकीतून ओरडलो, "अगं, एवढा मोठा मासा! आम्हाला जेवायला कधी बोलावतेस?"

"संपला," ती म्हणाली. "तीन दिवस खात होते. एकट्या माणसाला फार होतो."

मला उगाच शरमल्यासारखं झालं. तिने बाटलीबरोबर एक पाकीट दिलं. त्यात माशाचे खवले होते.

दोन आठवड्यांनी तपासणीतला एलिंग नावाचा तरुण माझ्याच बसने आला. वाट सापडेना म्हणून मी बस फाट्यावर लावून त्याला घरापर्यंत सोडायला गेलो, आणि गुनवोरने मलाही कॉफीला बसवलं. त्या घरात मी पहिल्यांदाच पाऊल टाकत होतो. टेबलाला दोन खुर्च्या होत्या, मी लाकडाच्या पेटीवर बसलो.

"तुमचा मासा चौदा वर्षांचा होता," एलिंग म्हणाला. "झाडासारखी खवल्यांवरही वर्षं मोजता येतात."

"म्हणून तर एवढा वाढला."

"वाढला, कारण खायला वाटेकरी नव्हते. त्याच्यामागून जन्मलेलं एकही पिल्लू जगलं नाही." त्याने कप खाली ठेवला. "समुद्रापलीकडच्या देशांतल्या कारखान्यांचा धूर वाऱ्याबरोबर इकडे येतो, पावसात आणि बर्फात उतरतो. हिवाळाभर साठलेलं आम्ल, बर्फ वितळलं की, एकदम तळ्यात येतं. नेमकी त्याच वेळी अंड्यांतून पिल्लं बाहेर पडतात. आम्ल वाढलं की पाण्याचा आकडा, म्हणजे पीएच, खाली येतो. तो सहाच्या वर हवा, बाई. तुमच्या तळ्यात तो साडेचारवर आलाय."

"म्हणजे मी शेवटचा खाल्ला?"

"तसं नक्की सांगता येत नाही," एलिंग खिडकीबाहेर बघत म्हणाला. माझ्या बसला वीस मिनिटं उशीर झाला होता, पण उठवेना.

त्यानंतर बर्फ पडेपर्यंत ती रोज जाळं टाकत राहिली. रस्त्यावरून तिची होडी दिसायची. खालच्या शेतावरचा हाल्वार एकदा काठावरून ओरडला, "गुनवोर, पाणी गाळतेयस का गं?" तिने वर पाहिलं नाही. पुढच्या वसंतात बाटल्याही बंद झाल्या. तीन सोमवार फाटा रिकामा पाहिला आणि चौथ्या सोमवारी फेरी संपल्यावर मी टेकडी चढलो.

"आजारी आहेस का?"

"नाही. मी पाणी भरून पाठवायचं, त्यांनी आकडा लिहून ठेवायचा. दर वेळी आकडा खालीच. मरणाऱ्याची नाडी बघत बसल्यासारखं वाटतं, ओसमुंड. ओनुनच्या वेळी बघितली तेवढी पुरे झाली."

मी तिची लाकडं फोडून दिली आणि उतरलो.

तळं वाचवता येईल ही बातमी एलिंगनेच आणली, त्याच सालच्या शरदात. गोठलेल्या तळ्यावर चुनखडीची भुकटी पसरायची. वसंतात बर्फाबरोबर ती पाण्यात उतरते आणि आम्ल मारते. ग्रामसभेत हाल्वारने टेबलावर थाप मारली, "आजवर सरकार आम्हाला चुना लावत होतं, आता तळ्यालाही लावणार!" सगळे खो खो हसले. गुनवोर मागच्या बाकावर बसली होती. हसणं थांबल्यावर ती उभी राहिली. "पोती वर कोण आणणार, ते ठरवा. पसरीन मी."

पोती हाल्वारच्याच ट्रॅक्टरने आली. त्याने ती मुकाट्याने उतरवली आणि फावडंही घेतलं. रविवारी मीही जायचो. पांढऱ्यावर पांढरं पसरायचं असल्यामुळे कुठवर आलो ते कळायचं नाही. म्हणून गुनवोरने बर्फात भूर्ज झाडाच्या फांद्या रोवून ओळी आखल्या होत्या. सबंध दिवसात आम्ही दहा वाक्यंसुद्धा बोलत नसू.

बर्फ वितळल्यावर ती सोमवारची बाटली पुन्हा माझ्याकडे द्यायला लागली. तिसऱ्या वर्षी आकडा सहाच्या वर गेला. दुसऱ्या दरीतून ट्राउटची पिल्लं आणून सोडली आणि ती जगली. एका संध्याकाळी पाण्यावर वर्तुळं उठताना पाहून मी म्हणालो, "बघ, आले की नाही मासे!"

"आले," ती म्हणाली. "ओनुनच्या माशांचं पोट पिवळंधमक असायचं. हे फिके आहेत." मग म्हणाली, "त्यांचा काय दोष? राहू देत बापडे."

चुना एकदा टाकून भागत नाही. तिकडचा धूर थांबत नाही तोवर दर दोन-तीन हिवाळ्यांनी टाकावाच लागतो. पुढे हाल्वार लेकीकडे राहायला गेला. दरीतला बसचा मार्ग बंद झाला आणि मला शहरातली बस मिळाली. चुन्याच्या हिवाळ्यात रविवारी येईन, असं मी गुनवोरला सांगितलं होतं. गेलो नाही.

मार्चमध्ये तिचं पोस्टकार्ड आलं. बर्फ चाळीस सेंटिमीटर होतं, पोती साठ होती, काम उरकायला अकरा दिवस लागले, असं लिहिलं होतं. तक्रार कुठेच नव्हती. खाली जागा उरली होती म्हणून की काय, एक ओळ बारीक अक्षरात होती: आता पाणी कोणाबरोबर पाठवायचं, ते कळव.