तलाठ्याचे जंत

उमाकांत डॉक्टरांनी तलाठ्याची शेपटी वर केली, चष्मा पुसला आणि पुन्हा वाकून पाहिलं. तलाठी म्हणजे मोहिनीचा काळा कुत्रा. गावभर हिंडतो आणि हवा तेव्हा सापडत नाही, म्हणून तिच्या नवऱ्याने, मिथुनने, हे नाव ठेवलेलं.

"पट्टकृमी," डॉक्टर म्हणाले. "काकडीच्या बियांसारखे दिसतात ना, ते जंताचे तुकडे. वाळले की तांदूळ वाटतात."

मोहिनीच्या सासूने, जसोदाबाईंनी, पदर नाकाला लावला. दारात कोण तांदूळ टाकतंय म्हणून आठ दिवस त्यांनी अख्ख्या गल्लीवर संशय घेतला होता, दोनदा घरावरून मिरच्या ओवाळल्या होत्या. आणि करणी निघाली कुत्र्याची. मोहिनीला हसू आवरेना, पण सासूचा चेहरा पाहून तिने ओठ मिटून घेतले.

"याले शेतमा धाडी दे, मिथुन," जसोदाबाई म्हणाल्या.

मोहिनीने तलाठ्याला आपल्याकडे ओढलं. उसात बिबट्या फिरत होता. गेल्याच महिन्यात शेजारच्या शेतातल्या भिलाच्या खळ्यावरून त्याने दोन कुत्रे उचलले होते.

"काही गरज नाही," डॉक्टर गोळी काढत म्हणाले. "पिसू गिळली की हा जंत होतो. गोळी देतो, पिसवांचं औषधही लावा. आणि तो ज्यावर झोपतो ते कापड उकळून काढा, नाहीतर महिन्याभरात पुन्हा तेच. कुठे झोपतो?"

"ओटावर, गोणपाटवर. मन्हा घरमा कुत्रं उंबरा वलांडस नही," जसोदाबाई ठसक्यात म्हणाल्या.

"मग सोपं आहे."

"आनि परत जंत दिसी गयात तर शेतमा," जसोदाबाईंनी निकाल देऊन टाकला.

डॉक्टर गेले. मोहिनीने गोणपाट उचललं आणि उन्हात धरून पाहिलं. त्यावर तलाठ्याचा एक केस नव्हता. मग हा झोपतो कुठे? तिने मिथुनला विचारलं, त्याने ठाऊक नसल्याची गळ्याची शपथ घेतली. तिने परसात चूल पेटवली, हंडा चढवला, गोणपाट बुडवलं, पण जीव काही थाऱ्यावर नव्हता. नुसतं गोणपाट उकळून महिन्याने कुत्रा हातचा जायचा.

इतक्यात मागचं दार वाजलं. जसोदाबाई काखेत गोधडी घेऊन आल्या.

"हाई बी टाक."

"माय, ही तर तुमची शे."

"मन्हीच शे. टाक."

गोधडी काळ्या केसांनी भरली होती. जसोदाबाई चुलीकडे बघत राहिल्या.

"तुन्हा सासरा गया तवयपासून रातले पाय गार पडतस," त्या म्हणाल्या. "तलाठी पायशी यी पडस, मंग झोप लागस."

मोहिनीला भरून आलं, आणि हसूही. गोधडी हंड्यात सोडून तिने ती काठीने खाली दाबली.

"मंग याले शेतमा कवय धाडानं, माय?"

"हाई आज वाळाव नही," जसोदाबाई म्हणाल्या. "रातले तुन्ही रजई दे. दोन्हीसले पुरनी पाहिजे."