पाशामियाँची शेवटची भट्टी

शहागडच्या पुढं, गोदावरीकाठी आमचं गाव. इथला धंदा कोळशाचा. खाणीतला नव्हे, वेड्या बाभळीचा. लाकूड रचायचं, वर पाला घालून माती लिंपायची, आत विस्तव सोडायचा आणि सात दिवस राखण करायची. जिथून धूर फुटेल तिथं चिखलाचा गोळा थापायचा. हवा आत शिरली की कोळशाची राख होते. या कामात पाशामियाँचा हात धरणारा कुणी नव्हता. नुसता तळहात ठेवून ते आतली धग सांगायचे.

१९९८ साली बाभळी संपत आल्या. सरपंच गोजरबाईंनी ग्रामसभेत ठराव मांडला : भट्ट्या बंद करायच्या आणि त्या जागी रोपवाटिका अन् गांडूळखत. कृषी खात्याच्या साहेबांनी अट घातली, “आधी एक ढीग करून दाखवा. दहा दिवसांनी येतो. गांडुळं जिवंत दिसली तर भट्टीवाल्या अकराही घरांना इथंच काम. नाहीतर योजना दुसऱ्या गावाला.”

मग अकरा घरांना कोळसा पाडायला कोकणात जाण्यावाचून इलाज नव्हता.

“ढीग पाशाभाईंकडं द्या,” गोजरबाई म्हणाल्या. “त्यांचं काम बराबर असतंय.”

“बिघडलं तर कोकणात एकटे जा,” मैमूनाभाभींनी नवऱ्याला बजावलं. “भाकरीचा तवा बी देणार न्हाई संगं.”

शुक्रवारी सकाळी पाशामियाँनी ताजं शेण आणि पाचोळा रचला, दोन किलो गांडुळं सोडली आणि बघतात तर ढिगातून वाफ निघतेय! तीस वर्षांची सवय. त्यांनी चिखल कालवला आणि ढीग असा लिंपला, की मुंगीसुद्धा शिरू नये.

“अहो, साहेबांनी ओलं पोतं टाकायला सांगितलंय,” मी म्हणालो.

“गुरुजी, पोत्यातून हवा जाती. सायेबाला झाकायचं काय कळतं?”

मी शाळेत पोचलो, चौथीचा वर्ग सुरू केला, तोच मैमूनाभाभी खिडकीत उभ्या.

“गुरुजी, गांडुळाला नाक कुठं असतं हो?”

पोरं हसली. मी फळ्यावर गांडूळ काढलं आणि समजावलं, की त्याला नाक नसतं, ते ओल्या कातडीनं श्वास घेतं. भाभी “या अल्ला!” म्हणाल्या आणि पदर खोचत पळाल्या.

दहाव्या दिवशी साहेब आले. सगळा गाव जमला. पाशामियाँनी मोठ्या ऐटीत कुदळ घालून लिंपण फोडलं. आत एकही गांडूळ नव्हतं. त्यांनी हातानं उकरलं, बाजूनं उकरलं, खालून उकरलं. शेवटी ते साहेबांकडं वळले.

“दोन किलो होती, सायेब. गेली कुठं?”

“तुमच्या भट्टीत आजवर कोण जिवंत राह्यलंय?” भाभी म्हणाल्या आणि साहेबांना जवळच्या पाण्याच्या रांजणामागं घेऊन गेल्या. तिथं ओल्या पोत्याखाली, फुटक्या टोपल्यात, गांडुळं वळवळत होती. बारकी पिल्लंही होती.

“ही कवा काढलीस?”

“तुम्ही जुम्म्याच्या नमाजला गेल्ता तवा. परत लिंपूनबी ठेवलं. इतकी वर्षं तुम्ही झोपल्यावर तुमच्या भट्ट्या मीच लिंपून राह्यले, कळलं का कधी?”

साहेब खूश झाले. म्हणाले, “आता सोडा ढिगात परत.”

पाशामियाँनी सवयीनं ढिगावर तळहात ठेवला. “न्हाई सायेब. आत अजून धग हाय, शिजतील. परवा दुपारनंतर सोडा.”

“थर्मामीटर ऑफिसात राहिला,” साहेब म्हणाले आणि पाशामियाँकडे दुर्लक्ष करून त्यांनी पाच-सहा गांडुळं ढिगात टाकली. टाकली तशी ती धडपडत बाहेर आली आणि साहेबांच्या बुटावर चढली.

गोजरबाईंनी वही पुढं केली. “लिहा, सायेब. ढिगाच्या प्रमुख मैमूनाभाभी. धग बघणार पाशाभाई. अकरा घरं इथंच.”

साहेब पाय झटकत झटकत लिहू लागले. तेवढ्यात ढिगातून पुन्हा वाफेची बारीक रेघ निघाली. पाशामियाँचा हात आपोआप चिखलाकडे गेला.

“अजी!” भाभी ओरडल्या. “हात माघारी!”