बाईंच्या लेकीचा तारा

तिसरीच्या वर्गात बाईंनी चांगल्या कामाला कागदी तारा द्यायला सुरुवात केली, तेव्हा त्यांची स्वतःची मुलगी चिमणी त्याच वर्गात होती. लेकीला तारा दिला तर लोक नावं ठेवतील, या धास्तीने तिच्या बाबतीत बाई हात आखडता घेत. हळूहळू भिंतीवरच्या तक्त्यात सगळ्यांच्या नावापुढे तारे चमकू लागले. चिमणीची रांग तेवढी कोरी राहिली.

मग चिमणीने हात वर करणंच सोडलं. एका संध्याकाळी भाजी निवडताना बाईंनी विचारलं, "उत्तर येत असून गप्प का बसतेस गं?"

"तू मला तारा देणारच नाहीस ना, आई," देठ मोडत ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मन घट्ट करून बाईंनी वर्गालाच विचारलं, "तारे देताना मी कुणावर अन्याय करते का?"

वर्गातली एक भांडखोर मुलगी, जिला सगळे वकीलबाई म्हणत, ताडकन उठली. "हो! चिमणीवर. परवाचं वहीतलं गणित फक्त तिलाच आलं, तरी तुम्ही काही दिलं नाहीत. आम्हाला वाटलं, तुमचं घरी भांडण झालंय."

"हो, हो," सगळा वर्ग ओरडला.

ज्या टोमण्यांना बाई इतके दिवस भीत होत्या, ते कुणाच्या मनातही नव्हते. त्यांना एकदम हसू फुटलं आणि डोळेही भरून आले. तारा त्यांनी वकीलबाईच्याच हाती दिला. तिने तो चिमणीच्या रांगेत जरा तिरकाच चिकटवला. चिमणी मात्र लाजून, खाली वाकून बुटाची नाडी बांधत बसली.