नुरझातची लेक

माझ्या सुनेला, नुरझातला, उन्हाळी कुरणावरच्या आमच्या लोकरी नमद्याच्या तंबूतच, माझ्या हातून बाळंत व्हायचं होतं. म्हणून मी तिला खांब धरून उकिडवं बसायला, कळ आली की लांब श्वास सोडायला शिकवत होते. ती हसायची, "आई, घोडीलासुद्धा एवढं शिकवत नाहीत!"

एका सकाळी ती म्हणाली, "आई, कालपासून पोटात काही हललं नाही." मी पोटाला कान लावला. काहीच ऐकू आलं नाही. यंदा बर्फ लवकर पडून दवाखान्याकडे उतरणारा घाट बंद झाला होता, आणि दुपारी कळा सुरू झाल्या.

"आता कशासाठी सोसू?" तिने खांब सोडून दिला.

"बाळाला बाहेर यायचंय, पोरी. तुझ्याशिवाय त्याला कोण आणणार?"

तिने पुन्हा खांब धरला. ओरडली, मला शिव्या घातल्या, पण श्वास शिकवल्यासारखाच सोडत राहिली. संध्याकाळी मुलगी आली. डोकंभर काळं जावळ होतं, पण रडली नाही.

मी तिला कोमट पाण्याने न्हाऊ घातलं.

"टोपडं मी घालते," नुरझात म्हणाली. गळ्याला काचू नये म्हणून तिने बंदांची गाठ सैल बांधली. तेव्हा मात्र मला रडू आवरलं नाही.